मुक्या बाहुल्यांचं कपाट

"उघड ते कपाट, पोरी. माझ्या लेकी घरी न्यायला आलोय मी," हासेबे म्हातारा म्हणाला आणि त्याने मुळ्याच्या लोणच्याचं पुडकं काउंटरवर आपटलं.

भांडायला जायचं असलं तरी रिकाम्या हाताने जायचं नाही, असं डोंगरातल्या नारुकोकडच्या जुन्या माणसांचं असतं. लोणचं घरचं होतं आणि चांगलं मुरलेलं होतं. त्याचा वास सेंदाई शहरातल्या त्या झकपक दुकानाच्या चौथ्या मजल्यावर थेट लिफ्टपर्यंत पोचला. शेजारच्या किटल्यांच्या विभागातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ चेहऱ्याने किटल्या पुसायला घेतल्या.

त्सुनेकोने दोन्ही हातांनी पुडकं घेतलं, कमरेत वाकून आभार मानले आणि मगच कमरेची किल्ली चाचपली.

कुमागाई त्सुनेको या मजल्यावर चहाचे पेले विकता विकता पन्नाशी ओलांडून गेली होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. पेला कागदात असा गुंडाळायची की गाडीतून पडला तरी फुटू नये, आणि गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणायची नाही, एवढीच तिची ख्याती. पण दोन वर्षांमागे या बाईच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दर सुट्टीला ती गाडी पकडून डोंगरात नारुकोला जायची, हासेबेच्या कारखान्याच्या उंबऱ्यावर बसायची आणि एकच मागणी करायची. तुमच्या कोकेशी आमच्या दुकानात ठेवू द्या.

कोकेशी म्हणजे लाकडाची बाहुली. तिला हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं सरळ धड आणि वर गोल डोकं. नारुकोच्या कोकेशीची गंमत अशी, की तिचं डोकं फिरवलं की ती 'कुईं' करते. प्रत्येकीचा आवाज वेगळा. कोणी तान्ह्या पोरासारखी कुरकुरते, तर कोणी म्हातारीसारखी खाकरते. हासेबेच्या घरी बाहुली तोंड बघून घ्यायची नाही, असा कडक नियम होता. एकेकीची मान फिरवायची, आणि जी आपल्याला हाक मारील ती आपली. गिऱ्हाईक निवडत असेल तेवढा वेळ म्हातारा त्याच्याकडे पाठ करून बसायचा. कोणाला कोण हाक मारते हे बघणं त्याला कोणाच्या लग्नात नाक खुपसण्यासारखं वाटायचं.

आणि दुकानाचं नाव काढलं की तो चवताळायचा. "दुकानात? माझी बाहुली मोज्यांच्या आणि साबणाच्या शेजारी? ज्याला हवी त्याने डोंगर चढून यावं! चढून आलं की मगच तिची किंमत कळते."

बाहुल्या जमवणाऱ्यांचं म्हणणंही हेच होतं. दुकानात मिळायला लागली की वस्तूतली जादू गेली, उद्या शेजारच्याच्या घरीही तीच, मग आमच्याकडे असण्यात काय मोठेपणा? या सगळ्यांना त्सुनेकोकडे एकच उत्तर होतं, आणि ते तिने पार शेवटी, म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर, मान खाली घालून सांगितलं होतं.

तिची आई शिओगामाच्या मासळीबाजारात उभं राहून राहून गुडघ्यांतून गेलेली. एकदा नारुकोच्या ऊन पाण्याच्या झऱ्यात बसायचं आणि एक बाहुली निवडून आणायची, एवढी तिची हौस होती. ते कधी जमलं नाही. शेवटी त्सुनेकोच जाऊन एक घेऊन आली. आईने अंथरुणावर पडल्या पडल्या तिची मान फिरवली, आवाज ऐकला, आणि बाहुली लेकीच्या हातात परत दिली. "गोड आहे गं. पण हिने तुला हाक मारलीय. मला नाही."

"ज्यांचे गुडघे गेले त्यांनी काय करायचं, हासेबे-सान?" त्सुनेकोने विचारलं होतं. म्हाताऱ्याने हातातली बाहुली कातून पुरी केली आणि मग तो म्हणाला, "शरद लागला की घेऊन जा."

त्या बाहुल्या आता त्सुनेकोच्या मागच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, रांगेत उभ्या होत्या. आणि म्हातारा त्यांच्याकडे असा पाहत होता की त्सुनेकोला त्याच्याकडे पाहवेना.

"काय झालं, हासेबे-सान? काही चुकलं का?"

"मलाच विचारतेस? काल तो दाताचा डॉक्टर आला होता माझ्याकडे. निवा. तुमच्याकडून घेतलेली बाहुली घेऊन. म्हणे, बुडाखाली तुमची सही जरा ठळक करून द्या. मी आपली सवयीने तिची मान फिरवायला गेलो, तर हा बाबा केवढ्यांदा ओरडला! 'हात लावू नका!' मला! मी केलेल्या बाहुलीला मीच हात लावायचा नाही!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "आणि बघतो तर काय, तिच्या गळ्याला पट्टी. मानच फिरेना. मुकी करून टाकलीत तुम्ही तिला. कोणाचं हे डोकं?"

ते डोकं त्सुनेकोचंच होतं.

मानेवरचा रंग घासू नये म्हणून तिने पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या होत्या, घरी, जेवण झाल्यावर, एकेक मोजूनमापून. प्रत्येकीच्या गळ्याभोवती पट्टी गुंडाळून मागे दुकानाचा लाल शिक्का मारला होता. मजल्याचे साहेब कातागिरी ते बघून हरखून गेले. त्यांनी प्रत्येकीला क्रमांक दिला, कपाटाला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, 'मोजक्याच. कृपया हात लावू नये.' मग जमवणारे लोक आले. दुकानाच्या नावाने नाक मुरडणारे निवा-सान सगळ्यांच्या आधी आले. शिक्का न फोडलेली बाहुली त्यांना डोंगरावरच्या बाहुलीपेक्षाही दुर्मिळ वाटायला लागली. सगळे काचेवर बोट ठेवून क्रमांक सांगत, आणि त्सुनेको गुंडाळून देत असे. आवाज एकीचाही झाला नव्हता. आणि इतक्या दिवसांत ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं! आईला जी हाक कधी मिळाली नाही, तीच काळजी घ्यायच्या नादात तिने पुन्हा एकदा काचेमागे कोंडली होती.

"माझं," ती हळूच म्हणाली. "पट्ट्या मी बांधल्या."

म्हाताऱ्याने झोळीतून मोठं निळं फडकं काढलं आणि काउंटरवर अंथरलं. बाहुल्या बांधून न्यायला आणलं होतं ते. आज त्या गेल्या की परत यायच्या नाहीत, हे सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात कातागिरी साहेब लगबगीने आले. लोणच्याच्या वासाने आले की आवाजाने, कोण जाणे. त्यांच्यामागे निवा-सानही होते. शनिवारी त्यांची फेरी असायचीच.

"हासेबे-सान, आमचं काही चुकलं असेल तर माफी असावी," साहेब वाकत म्हणाले. "पण माल छान जातोय हो! पट्टीमुळेच तर वजन आलंय त्याला."

"मीही तेच सांगतोय यांना," निवा-सान म्हणाले. "शिक्का फुटला की ती साधी बाहुली झाली. अशी तर कोणाच्याही घरी असते."

"कोणाच्याही घरी असावी म्हणूनच केलीय ती!" म्हातारा गरजला. "उघड गं ते कपाट!"

त्सुनेकोने कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. पहिली बाहुली उचलली. सगळ्यांना वाटलं, ती फडक्यावर ठेवणार. तिने ती काउंटरवर ठेवली आणि कागद कापायची कात्री हातात घेतली.

"कुमागाई-सान," साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "काय करताय?"

"गिऱ्हाइकांना दाखवतेय, साहेब."

"अहो, पण नियम..."

"नियम मीच केला होता. मीच मोडते."

उभ्या जन्मात ती वरच्या माणसाला असं बोलली नव्हती. कात्री मात्र बरोबर चालली. पट्टी सुटली आणि लाल शिक्क्याचे दोन तुकडे झाले. निवा-सानांनी असा सुस्कारा सोडला की जणू त्यांचाच दात उपटला.

तिने मान फिरवली. आवाज आला नाही. कोंडून राहिलेली मान नुसतीच जड फिरली. तिने अंगठा नीट रोवला, म्हातारा करतो तसा, आणि पुन्हा फिरवली.

कुईं!

किटल्या पुसणाऱ्या मुलींचे हात थांबले. लिफ्टपाशी उभी असलेली माणसं वळली. त्सुनेकोने दुसरी पट्टी कापली, मग तिसरी. कुईं. किर्र. कुऊं. शेवटी तिने 'हात लावू नये'ची पाटी काढून उपडी घातली आणि लाजरा आवाज जमेल तेवढा मोठा करून म्हणाली, "या हो, या! मान फिरवून बघा! जी हाक मारील ती तुमची!"

आधी कोणीच पुढे आलं नाही. माणसं भिडस्त, त्यातून दुकान भारी. मग चाकांचा वॉकर ढकलत एक आजीबाई आल्या. किटलीचं झाकण बदलायला आल्या होत्या. डोळ्यांनी अधू असाव्यात, कारण त्यांनी बाहुली नाकापाशी धरली आणि मग तो नाद सोडून कानापाशी नेली.

"ही नाही," त्या म्हणाल्या. "ही गोड आहे, पण माझी नाही. ही फारच शहाणी वाटते. हिच्यापुढे मला बोलताच यायचं नाही."

मुली फिसकन हसल्या. हासेबेने मात्र झटकन काउंटरकडे पाठ केली आणि लिफ्टच्या दाराकडे तोंड करून ताठ उभा राहिला. घरी पाठ करून बसायचा अगदी तसाच. त्सुनेकोने ती पाठ पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याने फडकं अजून उचललं नव्हतं, पण दुकानाला आपलं घर मानलं होतं.

आजीबाई एकेक फिरवत गेल्या. कोपऱ्यातल्या एका जाड्या बाहुलीपाशी थांबल्या. ती कुईं करत नव्हती, घोगरं 'कुर्र' करत होती. आजीबाईंनी ती पुन्हा फिरवली. मग पुन्हा एकदा.

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि बाहुली पोटाशी धरली. "हिने मलाच हाक मारली बघा. आमचे हे अगदी अशीच मारायचे, न्हाणीघरातून. टॉवेल विसरायचे ना!"

त्सुनेकोला गुंडाळायला कागद सापडेना. समोरच होता. आजीबाई म्हणाल्या, "कागद राहू दे गं. हातातच नेते."

मग मात्र मजला फुलून गेला. खालच्या मजल्यावरून लोक आवाजाच्या मागे वर आले. एक नवराबायको एकाच बाहुलीवरून भांडले आणि शेवटी दोन घेऊन गेले. किटल्यांच्या मुलींनी आळीपाळीने माना फिरवल्या. कातागिरी साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, कपाटाचं काचेचं दार स्वतः बिजागरीतून काढलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. चौथा मजला पहाटेच्या पाखरांनी भरलेल्या झाडासारखा किलबिलत होता. डोंगरावरची जादू डोंगरावर राहते म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे यायला हवं होतं. कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. ती मान फिरवणाऱ्या हातात होती.

गर्दी ओसरली तेव्हा निवा-सान काउंटरपाशी आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी पिशवीतून आपली बाहुली काढली. गळ्याला पट्टी, मागे लाल शिक्का, सगळं जागच्या जागी.

"ती कात्री," ते खालच्या आवाजात म्हणाले, "जरा देता का?"

त्सुनेकोने दोन्ही हातांनी कात्री दिली आणि नजर दुसरीकडे वळवली. हे ती म्हाताऱ्याकडून शिकली होती.

हासेबेने निळं फडकं उचललं, झटकलं, चारदा दुमडलं आणि झोळीत टाकलं. रिकामंच.

"बर्फ पडायच्या आत आणखी आणून टाकतो," तो म्हणाला. "घोगऱ्या आवाजाच्या जास्त आणीन. म्हाताऱ्या फार दिसतात तुमच्या गावात. आणि ते दार पुन्हा लावायचं नाही."

"नाही लावणार."

"लोणचं मात्र तूच खा. त्या साहेबाला देऊ नकोस."

दुकान बंद व्हायची धून सुरू झाली. रोजच्यासारखे सगळे विक्रेते आपापल्या जागी रांगेत उभे राहिले आणि शेवटची गिऱ्हाइकं लिफ्टकडे निघाली, तसे कमरेत वाकले. हासेबे आणि निवा-सान एकाच लिफ्टमध्ये शिरले, एकमेकांकडे न बघता. दार मिटेपर्यंत मान वर करायची नसते.

दार मिटलं, आणि आतून आवाज आला.

कुईं.

थोडं थांबून पुन्हा, जरा जास्त लाडात. कुईं. लिफ्ट खाली जात राहिली आणि तो आवाज मजल्या-मजल्याने लहान होत गेला. रांगेतल्या मुलींना हसू आवरेना. कातागिरी साहेबांचेही खांदे हलत होते. एकेक करून सगळे सरळ झाले. त्सुनेको तेवढी वाकलेलीच राहिली. आईने मिटल्या डोळ्यांनी बाहुलीची मान फिरवली होती, ते तिला आठवत होतं, आणि चकचकीत फरशीवर एकामागून एक थेंब पडत होते. ते पुसून टाकायची तिला मुळीच घाई नव्हती.