म्हशीनं खाल्लेला फूट

मित्रांनो, मी एक जुनी कापडी मोजफीत आहे. चामड्याच्या गोल डबीत राहते. माझ्यावरचा शेवटचा आकडा शंभर आहे, पण खरं पाहिलं तर मी नव्याण्णवच फूट आहे.

कोल्हापुरात नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक नृसिंहराव हे माझे मालक. त्या वर्षांत नवी घरं सेप्टिक टाक्या बांधू लागली होती. टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि तिथून जमिनीत मुरतं. ते कुणाच्या आडात उतरू नये म्हणून खड्डा आणि आड यांत पन्नास फूट अंतर हवं, असं नृसिंहरावांच्या नियमांच्या कागदावर होतं. ते अंतर मी मोजायचे.

एकदा ते वहीत टिपण करत होते. तेवढ्यात धार काढायला दारात आणलेल्या म्हशीनं माझं टोक तोंडात धरलं आणि पहिला फूट चावून गिळला. नवी फीत मागवली, ती आली नाही. मग पद्मजाबाईंनी, म्हणजे नृसिंहरावांच्या पत्नीनं, माझी पितळी कडी एकाच्या आकड्यापाशी शिवली. तेव्हापासून प्रत्येक मापातून नृसिंहराव एक वजा करत. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. म्हशीला धरून चौघांना.

१९५५ साली गावातले हंबीरराव घरी टाकी बांधत होते. त्यांच्या आईचे, अंबूबाईंचे, गुडघे गेले होते. परसापलीकडच्या संडासापर्यंत चालत जाणं त्यांना होत नव्हतं. खड्डा खणून आत दगडांचं कडंही रचून झालं होतं. फक्त नृसिंहरावांची सही उरली होती. पण कुंपणापलीकडे शेजारच्या रत्नव्वांचा आड होता आणि त्यांच्या घरात दोन महिन्यांची नात होती.

नृसिंहरावांनी माझी कडी आडाच्या काठाला धरली. हंबीररावांनी डबी खड्ड्यापर्यंत नेली आणि ओरडले, "पन्नास! भरलं बगा सायेब. मारा सही!"

नृसिंहराव गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं.

"एकोणपन्नास," ते म्हणाले.

"आँ? हितं पन्नास छापलंय की!"

"छापलंय बरोबर. पण पहिला फूट म्हशीनं खाल्लाय." त्यांनी कडी दाखवली.

हंबीरराव पोट धरून हसले. मग एकदम थांबले. "म्हंजे एका फुटापायी समदं कडं उपसू? आईनं आनखी किती दिस कळ काढायची?"

ओट्यावरून अंबूबाईच बोलल्या, "उपस की. चार दिस मला काय जड न्हाईत. त्या आडाचं पानी मी बी पिते, आन ती तान्ही पोर बी."

"माणसं लावा अव्वा," रत्नव्वा कुंपणापलीकडून अंबूबाईंना म्हणाल्या, "भाकरी माझ्याकडनं."

चार दिवसांनी खड्डा मागं सरकला. पुन्हा कडी आडाला, डबी हंबीररावांच्या हातात. मी एक्कावन्न दाखवले. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, ओठ थोडे हलवले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "पन्नास!"

नृसिंहरावांनी सही केली. रत्नव्वांनी आडाचं पाणी शेंदून पहिला तांब्या अंबूबाईंना दिला.

आता मी पद्मजाबाईंच्या शिवणाच्या पेटीत असते. मित्रांनो, कधी मला बाहेर काढलंत तर ओली गुंडाळू नका, माझं कापड आखडतं. कडीचा टाका सैल झाला असेल तर घट्ट करा. आणि मापातून एक वजा करायला विसरू नका. तेवढं मला माझं करता येत नाही.