आजीने चाखलेलं येसर

सत्यवतीबाईंनी धंद्याच्या चाळीस वर्षांत येसर कधी चाखलं नव्हतं. लग्नातल्या आमटीचा हा मसाला देवाला दाखवल्याशिवाय जिभेवर ठेवायचा नाही, ही घरची रीत; आणि नंतरही चाखायची गरज पडत नसे, नाक पुरेसं होतं. नल्लकुंट्याच्या राहत्या घरातला हा मसाल्याचा धंदा त्यांच्या मुलाने, शिवराजने, दिलसुखनगरच्या कारखान्यात नेला आणि थेट डेन्मार्कला पोचवला. तरी प्रत्येक दळणातली पहिली वाटी देवापुढे जायची, बाई वास घ्यायच्या, मगच माल निघायचा.

आता डेन्मार्कची व्यापारीण कार्ला कॅमेरा घेऊन हजर झाली होती. तिकडच्या पाकिटावर सत्यवतीबाईंचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'प्रत्येक दळण आजी स्वतः चाखते.'

"हे कोणी लिहिलं रे?"

"आई, तिकडच्या लोकांना असंच आवडतंय," शिवराज म्हणाला. "एक चमचा खा की. व्हिडिओ नाई झाला तर पुढच्या सालची ऑर्डर गेली समज."

"नक्को. मी खोटं कायको करू?"

बाईंचं डोकं सकाळपासून उठलं होतं. नऊवारी नेसा, कुंकू मोठं लावा, पाट्यापुढे बसा. पाटाही मेला कुणाकडून मागून आणलेला. चांगली हजारोंची यंत्रं आहेत, तर म्हणे यंत्र दिसता कामा नये. सातासमुद्रापलीकडच्या बाईला आपली रीत हवी, पण तिच्या मापाने बेतलेली.

शेवटी कटकट मिटावी म्हणून त्यांनी देवाला दाखवलेल्या वाटीतली चिमूट जिभेवर ठेवली. रंग तोच, वास तोच. तिखट मात्र औषधालाही नाही.

"शिवराज, मिरची कुठं गेली?"

तो खाली बघत म्हणाला, "त्यांना सोसत नाई. दोन सालापासून नुसती रंगाची मिरची घालतोय. वासाला फरक पडत नाई म्हणून..."

"म्हणून मला सांगितलं नाई. दोन सालं देवालाबी हेच चारलंस?"

एरवी बाईंना रडू आलं असतं, पण संतापाने तेही आलं नाही.

त्या काय म्हणाल्या, असं कार्ला हसत विचारत होती. "छान झालंय म्हणते," शिवराजने इंग्रजीत सांगितलं.

तेवढं इंग्रजी सत्यवतीबाईंना येत होतं. वाटी खाली ठेवून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या.

"नो," त्या म्हणाल्या. "नॉट माय येसर. युवर येसर. पुट युवर ग्रँडमदर्स फोटो."