लाल पेन्सिलीच्या सात ओळी

फौजदार बाळाप्पांनी नाटकाच्या वहीतल्या सात ओळींवर लाल पेन्सिल मारली होती. आणीबाणीत त्याचं नवल नव्हतं. पण नाटक लिहून बसवणाऱ्या दत्तात्रेयाने त्या जागा बुजवल्या नाहीत. काल धारवाडच्या प्रयोगात लाल ओळ आली की नट थांबायचे, ती मनात म्हणायचे आणि मगच पुढचं बोलायचे. तिसऱ्या थांब्याला लोक खुसखुसले, सातव्याला उभे राहिले. पडदा पडताच पोलिसांनी दत्तात्रेयाला उचललं.

सकाळी त्याची थोरली बहीण इंदुमती ठाण्यातल्या बाकावर अंग चोरून बसली होती. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. खरं-खोटं ठरतं ते बोललेल्या वाक्याचं, हे वीस वर्षं फळ्यावर लिहीत आली होती. आणि काल चारशे माणसांनी न बोललेलं वाक्य ऐकलं, वर ते खरंही मानलं! आता काय शिकवायचं, कपाळ?

बाळाप्पांनी कागद पुढे सरकवला. "शिकलेल्या हाय तुम्ही, बाई. त्या गप्प बसण्यात सरकारविरुद्ध अर्थ होता का नव्हता, लिवून द्या की."

'होता' लिहिलं तर भाऊ तुरुंगात, किती महिने कोण जाणे. 'नव्हता' लिहिलं तर न बोललेलं वाक्यही खरं असू शकतं, ही आपल्याला उभ्या आयुष्यात सुचलेली एकुलती एक नवी गोष्ट आपल्याच सहीने खोटी.

"अक्का, नव्हता म्हणून लिही की!" गजांआडून दत्तात्रेय ओरडला.

पेन उचलता उचलता तिला पुढचं दिसलं.

"साहेब, अर्थ होता म्हणायचं तर कोणता, तेही लिहायला हवं. नट तर बोललेच नाहीत. त्या ओळी सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिणार तुम्ही, तुमच्या सहीनिशी."

बाळाप्पांनी वही उघडली. "'भ्यालेला राजाच प्रजेचं...'" एवढं वाचून ते थांबले. दारातला शिपाई हणमंत खुदकन हसला.

बाळाप्पांचा चेहरा काळवंडला. कोरा कागद त्यांनी परत ओढला. "न्या ह्याला घरी, बाई."

सुभाष रोडवर येताच दत्तात्रेय नाचायलाच लागला. "अक्का, जिंकलो की गं!"

पुढच्या वेळी तो फौजदार ओळी खोडत बसणार नाही, नाटकच बंद पाडेल, हे इंदुमतीला लख्ख दिसत होतं.

"गप्प बस!" ती खेकसली. आणि आपण काय बोललो ते कळताच भर रस्त्यात तिला रडू फुटलं.