अकराव्या पानावरचा ढग

ताईला ढग काढायची खोड होती. आकाशातले नव्हे, कागदावरचे. ती पुलांची ड्रॉइंगं काढायची, आणि त्या धंद्यात रीतच अशी की एकदा बाहेर गेलेल्या ड्रॉइंगमध्ये काही बदललं, तर त्या जागेभोवती ढगासारखी गोलगोल रेघ मारायची, शेजारी तारीख टाकायची आणि काय बदललं ते दोन शब्दांत लिहायचं. म्हणजे बांधणाऱ्याची नजर नेमकी तिथे जाते. वीस वर्षं हेच केल्यावर हात थांबतोय होय! घरच्या सामानाच्या यादीत साखर एक किलोची दोन झाली, तरी तिच्याभोवती ढग. नवरा म्हणायचा, "आपल्या लग्नाच्या फोटोवर तेवढा काढू नकोस, म्हणजे मिळवली."

आज मात्र ताईला ढगबिग काही सुचत नव्हतं. करखात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, पाय डुगडुगणाऱ्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून ती बसली होती. हप्ते बांधून द्या, एवढंच तिला मागायचं होतं. बारा वर्षांचे द्या, पंधराचे द्या, पण घर राहू द्या.

झालं होतं असं. ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही कंत्राटावर काम करणारी. ती ड्रॉइंगं काढायची, तो रस्त्यांची मोजणी करायचा. दहा वर्षांपूर्वी ताईच्या ऑफिसात एक सल्लागार आला. बूट असे चकचकीत की त्यात तोंड दिसावं. म्हणाला, "पगार थोडाच घ्या, उरलेले पैसे आमची कंपनी तुम्हाला कर्ज म्हणून देईल. फेडायचं नाही, आणि कर्जावर कर नाही. सगळं कायद्यात बसतं." झाडून सगळ्या कंत्राटदारांनी सह्या केल्या. ताईने केली, आणि वर भावालाही सांगितलं, "करून टाक रे, चांगलं आहे." सहा वर्षं हे चाललं. मग चकचकीत बूट कुठे गायब झाले देव जाणे, आणि दोन वर्षांपूर्वी नोटिसा आल्या. ते कर्ज नव्हतंच, पगारच होता, तेव्हा सहाही वर्षांचा कर व्याजासकट भरा. आकडा बघून ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

पण आकड्यापेक्षा भावाचं जास्त लागलं. "तू सांगितलंस म्हणून मी सही केली," एवढं एकच वाक्य तो बोलला, आणि त्या दिवसापासून अबोला. दोन वर्षं! भावजय बिचारी चोरून फोन करायची, तिच्याकडूनच सगळं कळायचं. कालही तिचाच फोन होता. भावाने घर विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक मिळालं होतं. आजचा एक दिवस मध्ये, उद्या दुपारी सही. "ताई, मुलींना अजून सांगितलेलं नाही," असं म्हणून ती रडली होती.

"या," बाईंनी हाक मारली. अधिकारी बाई उतारवयाच्या, चष्म्याला दोरी, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. ताईने हप्त्यांचा अर्ज पुढे केला. बाईंनी जुनी फाइल काढली, सही जुळते का बघायला पानं उलटू लागल्या, आणि अकराव्या पानावर थांबल्या.

"हे काय काढलंय?"

ताईने वाकून पाहिलं आणि तिचे कान तापले. कर्जाच्या रकमेभोवती ढग! निळ्या शाईत, तारखेसकट. "खोड हो माझी," ती पुटपुटली. "काही बदललं की मी असं करते. त्या वर्षी पगाराचा आकडा बदलला होता ना. चूक झाली असेल तर..."

ढगाशेजारचं बारीक अक्षर बाईंनी मोठ्याने वाचलं. "काम मागच्या वर्षीएवढंच, पगार कमी. उरलेली रक्कम कंपनीकडून कर्ज म्हणून मिळते. कर लागत असल्यास कळवावे." मग पुढच्या वर्षाचा फॉर्म काढला. तिथेही रक्कम बदललेली, तिथेही ढग आणि तीच ओळ. त्याच्या पुढच्यातही. सहाही फॉर्म घेऊन त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

ताई मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत बसली. सरकारी कागदावर चित्रं काढतं का कुणी? आता दंड वेगळा. नवऱ्याला काय सांगायचं?

अर्ध्या तासाने बाई परत आल्या. चहा गार झाला होता, तरी त्यांनी एक घोट घेतला. "अहो, हप्ते कसले मागताय? ज्यांनी तेव्हाच उघडपणे कळवलं होतं आणि आम्ही वेळेत काही केलं नाही, त्यांची मागणी रद्द करायचा नियम आहे. तुम्ही तर नुसतं कळवलं नाहीत, भोवती रेघ मारून दाखवलंत. साहेबांनी सही केली आहे. पत्र आठवड्यात येईल."

ताईला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा वर आला. भावाचे फॉर्मही दरवर्षी तिनेच भरले होते, ढगासकट. पण तो दरवर्षी भडकायचा. "असला पोरखेळ मी खिडकीत देणार नाही! लोक हसतील. मी नव्याने लिहून काढतो!" आणि फॉर्म हिसकावून घेऊन जायचा.

"माझ्या भावाचं बघता का जरा?"

"दुसऱ्याची फाइल तुम्हाला दाखवता येत नाही. कागद असेच असतील, तर त्यालाही हाच नियम. उद्या सकाळी दहाला त्याला स्वतःला पाठवा."

ताई जिने धावतच उतरली. भाऊ त्या दिवशी कुठल्या चौकात मोजणी करतोय ते भावजयीने सांगितलंच होतं. तो दिसला. अंगात पिवळं जाकीट, तीन पायांच्या यंत्राला एक डोळा लावून वाकलेला. रस्त्यापलीकडे त्याचा म्हातारा सोबती मापाची उंच पट्टी धरून उभा. ताईने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. बरं, असं का! ताई सरळ यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आता बघ कुठे बघतोस ते.

"बाजूला हो. काम चालू आहे," तो यंत्रातून बघतच म्हणाला.

"एका प्रश्नाचं उत्तर दे, होते. मी भरून दिलेले ते फॉर्म. तू नव्याने लिहून काढलेस का?"

"आता त्याचं काय?"

"काढलेस की नाही?" तिचा आवाज चिरकला.

त्याने यंत्रावरून डोळा हटवला. लहानपणी गृहपाठ न करता शाळेत जाताना दिसायचा, अगदी तसा दिसत होता. घरात त्याला निवांतराव म्हणायचे, ते काही उगाच नाही.

"चौदा पानं असायची, ताई," तो म्हणाला. "प्रत्येक वर्षी चौदा. कोण लिहीत बसणार? तशीच दिली. बायकोला मात्र लिहून काढली म्हणून सांगितलं होतं."

"सहाही वर्षं?"

"सहाही."

ताई मटकन पदपथाच्या कडेला बसली आणि भर चौकात हमसून हमसून रडायला लागली. "आळशा! मेल्या आळशा! असाच शंभर वर्षं आळशी राहा!"

भाऊ घाबरला. धावत आला, तर पाय यंत्राला अडखळला आणि सकाळपासून जुळवलेलं यंत्र सरकलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि तिने रडत रडत सगळं सांगितलं. त्याने ते दोनदा वदवून घेतलं. "मी तुला काय काय बोललो," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

"एकच तर वाक्य बोललास. मग दोन वर्षं काही बोललाच नाहीस. त्याचं लागलं."

"उद्या तू ये माझ्याबरोबर. त्या ढगाशेजारी काय लिहिलंय ते मी वाचलेलंच नाही."

"तेही नाही?"

"चौदा पानं, ताई!"

ती रडता रडता हसली. पलीकडून म्हातारा ओरडत होता, "साहेब, पट्टी खाली ठेवू का?" कुणाचं लक्षच नव्हतं. भावाने बायकोला फोन लावला, पण हॅलो म्हणता म्हणताच त्याने तो ताईच्या हातात कोंबला. "तूच सांग."

ताईने सांगितलं. उद्याची सही थांबवा म्हणावं, दहाला आम्ही दोघं करखात्यात जातोय, कागद तसेच आहेत, घर बहुतेक वाचलं.

"ताई," भावजय म्हणाली, "पण तुम्ही यांच्या फोनवर कशा? हे बोलले तुमच्याशी?"

ताईने शेजारी पाहिलं. निवांतराव बाहीने नाक पुसत होता.

"बोलला गं," ती म्हणाली.