क्लॅरीच्या शेजारची खुर्ची

ॲडलेडच्या आमच्या ऑर्केस्ट्रात डबल बास, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिन, वाजवणारी पहिली स्त्री म्हणजे डोरीन पास्को, माझ्या बाई. अकरा वर्षं त्यांनी ती खुर्ची कशी राखली, हे त्यांच्या पायाला विचारावं. दोन वादकांत स्वरलिपी ठेवायचा एक स्टँड असतो आणि पान उलटायचं काम आतल्या बाजूच्याचं. बाई पान उलटायला वाकल्या, की शेजारचा क्लॅरी बिनी, बासवाल्यांचा म्होरक्या, आपल्या वाद्याचा खालचा पोलादी खिळा त्यांच्या बुटावर टेकवून वर वजन टाकायचा. बाई हूं की चूं न करता वाजवत राहायच्या. ओरडले तर म्हणतील, बायकांना झेपत नाही, एवढंच त्या सांगायच्या.

शिकवतानाही दयामाया नव्हती. सूर ढळला की बास वाजवायच्या गजाची काठी माझ्या बोटांवर बसायची. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि तरी दर शनिवारी मी जायचे.

१९५८च्या नाताळात क्लॅरी निवृत्त होणार होता. त्याची जागा बाईंनाच, असा शब्द कंडक्टरने दिला होता. फक्त चार महिने दम धरायचा होता.

ऑगस्टात एका मोठ्या रचनेसाठी जादा वादक घेतले, त्यांत मी. नवख्यांना सांभाळायला कंडक्टरने बाईंना मागे बसवलं आणि त्यांची शिष्या म्हणून त्यांच्या जागी मला, क्लॅरीशेजारी. बाईंनी बजावलं, "पान उलटताना पाय स्टुलाखाली. विसरू नकोस."

मी विसरले.

खिळा कॅन्व्हासचा बूट फोडून आत गेला. मी किंचाळले. तालीम थांबली.

"अरेरे, दिसलाच नाही गं पोरी," क्लॅरी म्हणाला. "घरी जाऊन केक भाज. तिथे पायावर फक्त पीठ सांडतं."

दोघं-तिघं हसले.

बाई उठल्या. आपला बास त्यांनी नीट आडवा ठेवला. मग क्लॅरीच्या हातातला गज हिसकावून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. दुसऱ्या तडाख्याला दात पडला, तिसऱ्याला गज मोडला, आणि हातात उरलेल्या तुकड्याने त्या मारतच राहिल्या. चौघांनी धरलं तेव्हा थांबल्या. खरं सांगते, मला आनंद झाला.

संध्याकाळपर्यंत त्यांना काढून टाकलं. माझ्या पायाचं प्रकरण अपघात म्हणून मिटवलं. आठवड्याने त्यांची रिकामी जागा मलाच देऊ केली.

मी तडक बाईंच्या घरी गेले. म्हणाले, तुमच्या खुर्चीत बसणं मला जमणार नाही, नकार कळवते.

त्यांनी सणसणीत थोबाडीत दिली, डाव्या हाताची. तारांवर घासून त्या हाताची बोटं दगड झाली होती.

"अकरा वर्षं पाय भोसकून घेतला, तो तिथे पुन्हा एखादा बाप्या बसावा म्हणून? उद्या वेळेवर जा."

दुसऱ्या दिवशी मी लंगडत, रडत गेले आणि बसले. बाईंना त्यानंतर कुठल्याच ऑर्केस्ट्राने बोलावलं नाही.