गाडी डावीकडे खेचते

गाडी नवीकोरी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा सासूने काढू दिलेलं नव्हतं, आणि तरीही ती डावीकडे जात होती. आमनाच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. अष्टमीच्या पुलावरून रोह्यात शिरताना तिने स्टिअरिंग जरा सैल धरलं, तशी गाडी हळूच कठड्याकडे सरकू लागली. तिने ती उजवीकडे ओढली आणि घरी येईपर्यंत तशीच ओढून धरली.

संध्याकाळी कतारहून नवऱ्याचा, इलियासचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. इलियास हसला. तिकडे तो कंपनीचा ट्रेलर चालवायचा, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल घरात त्याचा शब्द शेवटचा.

"नवी गाडी कशी खेचंल? तुझा हात खेचतो. नव्या शिकणाऱ्याचा हात असाच असतो. दोन म्हयने जाऊ दे."

आता, आमना रोह्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर गाडी शिकली होती आणि लायसन्स तिला पहिल्या झटक्यात मिळालं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण काही नवऱ्यांना बायकोचं म्हणणं आधी खोडून काढायची आणि मग ऐकायची खोड असते. इलियास मनाने चांगला, तरी त्याच पंथातला. पाण्याची मोटर चालत नाही, तर तू बटण नीट दाबत नसशील. अम्माचा गुडघा दुखतो, तर तू तेल नीट चोळत नसशील. आमना बहुतेक वेळा मूग गिळून बसायची, कारण फोनवर भांडण झालं की पुढे दोन दिवस घास गोड लागत नाही. पण गाडी चालवणं ही एक गोष्ट तिला अगदी मनासारखी जमली होती. त्यातही खोट काढली गेली, हे तिला फार लागलं.

सासूला, हलीमाबींना, गुडघ्याच्या व्यायामासाठी दर आठवड्याला पेणला न्यावं लागायचं. एकदा सासू दवाखान्यात असताना आमनाने गाडी जवळच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्या गोविंदाने ती मशीनवर चढवली, चारी चाकांना तबकड्या लावल्या आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, पुढचं डावं चाक बाहेर गेलंय. अलाइनमेंट करावं लागंल. अर्ध्या तासाचं काम हाय."

आमनाला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तिने पडद्याचा फोटो काढून तिथूनच इलियासला पाठवला. उत्तर लगेच आलं. बाईमाणूस बघून फसवतायत, मशीन काय पण दाखवतं, करू नको, मी आल्यावर स्वतः बघतो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं, ते आमनाला त्या गॅरेजात कळलं.

"करू ना?" गोविंदाने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मालक येतील, तेच बघतील."

खरं तर नवऱ्याचा हुकूम मानायचा म्हणून ती नको म्हणाली नव्हती. तिच्याकडे पैसे होते, वेळ होता, गाडी मशीनवर उभी होती. पण आत्ता सरळ केली, तर इलियास येऊन सरळ गाडी चालवणार आणि म्हणणार, गाडीला काय झालंय? मग जन्मभर हात तिचाच वाकडा ठरणार. त्यापेक्षा गाडी वाकडी राहू दे. हा निव्वळ हट्ट होता आणि तिला तो कळत होता.

मग उन्हाळाभर ती गाडी उजवीकडे ओढत चालवत राहिली. खांदा भरून यायचा. पुढच्या टायरची एक कड झिजून गुळगुळीत झाली. नागोठण्याजवळ समोरून डंपर आला की सासू ओढणी तोंडाशी धरायची आणि विचारायची, "आमना गो, नीट हाय ना सगळा?" आमना हो म्हणायची, आणि त्या वेळी मात्र तिला स्वतःची लाज वाटायची. आपलं खरं करायला आपण या म्हातारीला वाकड्या गाडीत बसवून फिरवतोय, हे तिच्या मनातून जायचं नाही.

उन्हाळा सरता सरता इलियास सुट्टीवर आला. दुसऱ्याच दिवशी किल्ली घेऊन तो चालवायला बसला आणि दोघं पेणच्या रस्त्याला लागली. तिकडे रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी हाकणारा माणूस, त्याला आधी इथली सवयच होईना. नागोठणं मागे पडून सरळ रस्ता लागला तेव्हा आमना म्हणाली, "हात जरा सोडा."

त्याने हात सैल केले. गाडी कडेच्या खडीकडे निघाली. त्याने ती सरळ केली, पुन्हा सोडून बघितली, पुन्हा तेच.

"व्हय," तो म्हणाला. "खेचते."

एवढं ऐकायला तिने अख्खा उन्हाळा काढला होता. आता ऐकलं, तर जिंकल्यासारखं काहीच वाटेना. नुसतं दमल्यासारखं वाटलं.

गॅरेजात गोविंदाने सांगून टाकलं, "मी तवाच करून देत होतो, वहिनी नको म्हणाल्या." इलियास वाकला आणि टायरच्या झिजलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"या टायरांवर तू अम्माला नेत होतीस?"

"व्हय."

"का पण?"

"तुमी दुसऱ्या कशानं मानला नसता."

त्याला राग यायला हवा होता, आणि आला असता तर तिने तो मुकाट ऐकून घेतला असता. पण तो टायरकडेच बघत राहिला. "तिकडं बसून मी कायपण बोलतो," तो म्हणाला. "घरातला काय माझ्या हातात ऱ्हायलाच नाय, मंग बोलतो."

टायर बदलले, चाकं मशीनवर सरळ झाली. इलियास डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. "तू चालव," तो म्हणाला. "रोज तुलाच चालवायची हाय. कशी झाली ते तूच सांग."

परतीच्या रस्त्यावर वडखळ गेलं, आणि आमनाच्या लक्षात आलं. गाडी उजवीकडे, मधल्या पट्ट्याकडे सरकत होती. तिने सरळ केली. ती परत उजवीकडे गेली.

"आता उजवीकडं जाते," तिच्या तोंडून निघून गेलं.

इलियासने एकही प्रश्न विचारला नाही. "मंग वळव मागं," तो म्हणाला. "परत लावायला सांगू त्याला."

आमनाने इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि तिची नजर आपल्या हातांवर गेली. दोन्ही हात कुणी न सांगता गाडी उजवीकडे ओढत होते. तिने बोटं सैल केली. गाडी सरळ चालू लागली.

त्याने एकदा जरी "नक्की ना?" विचारलं असतं, तरी तिने हट्टाने गाडी मागे नेली असती आणि हे कुणालाही कळू दिलं नसतं. पण तो मान वळवून मागची वाहनं बघत होता, तिच्या शब्दावर वळायला तयार.

तिने इंडिकेटर बंद केला.

"काय झाला?"

"गाडी बरोबर हाय," ती म्हणाली. "माझा हात खेचतो."

इलियासने तिच्याकडे बघितलं. मग सीट थोडी मागे टाकून तो टेकला. नागोठणं येईपर्यंत आमना अधूनमधून बोटं सैल करून बघत राहिली, आणि शेजारी तो डोळे मिटून बसला होता.