आबांची गोळी

ओठांत टाचण्या धरून बोलण्यात आबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उभा जन्म शिवणकामात गेलेला. माप घेताना ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या, दुसऱ्या कोपऱ्यातून गप्पा. त्यामुळे त्या सकाळी पुढच्या खोलीतून "थूनबाई, चहा आण गं" असं ऐकू आलं, तेव्हा सुनेला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कप घेऊन ती गेली. आबा कापडावर खडूनं रेघ ओढत होते. टाचण्या मात्र सगळ्या त्यांच्या छोट्या उशीत खोचलेल्या होत्या.

"आबा, तोंडात काय आहे?"

"काय नाय. थीभ झोपलीय."

कप ओठाला लागायच्या आत तिनं तो काढून घेतला. लकवा तर नाही ना, असं मनात येऊन गेलं. तिनं त्यांना दोन्ही हात वर करायला लावलं, हसायला सांगितलं.

"पोलीथ आलेत का गं?" हात वर करून आबा मनापासून हसले. चेहरा सरळ होता.

मग उलगडा झाला. डॉक्टरांनी खोकल्यासाठी लिहून दिलेली पिवळी, मऊ, गोल गोळी. हातात कात्री होती, म्हणून पाणी घेईपर्यंत टाचणीसारखी दातांत धरली, आणि ती फुटली. बाटली तिथंच बटणांच्या डब्याशेजारी, झाकण उघडं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"श्वासाला काही त्रास?"

"नाही."

"मग घाबरू नका. ती बधिर करते, म्हणूनच अख्खी गिळायची. जीभ जागी होईपर्यंत खाणं नाही, पिणं नाही, पाण्याचा घोटही नाही. ठसका लागेल. श्वास अडतोय असं वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि घरात लहान मूल आहे ना? त्याच्या हाती एकही लागू देऊ नका. पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, तेही बघता बघता."

फोन कानालाच होता आणि तिची नजर टेबलाखाली गेली. चिंध्यांच्या ढिगात लेक बसली होती. घास तासन्‌तास गालात साठवायची म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं खारूताई. आत्ताही तिचा एक गाल फुगलेला होता.

"काय आहे तोंडात?"

"गोली."

"कुणाची?"

"आबांची."

ती टेबलाखाली वाकली. पण आवाज चढवला नाही. ओरडलं की खारूताई गिळायची. तिनं ओंजळ पुढं केली.

"थू कर, राणी."

हातावर पिवळं, चिकट काहीतरी पडलं. तिनं दाबून पाहिलं. टणक. वास घेतला. लिंबू.

"ती माझ्या खिथातली," आबा चाचरत म्हणाले. "मी गोळी काढली, तर म्हणे मला पण गोळी. म्हणून दिली."

तरी तिनं लेकीच्या गालात आतून बोट फिरवलं. "गुदगुल्या!" लेक खिदळली. जीभ जागी होती. डॉक्टर अजून फोनवरच होते; "मग ठीक आहे," म्हणाले.

ती तिथंच चिंध्यांत बसली. "आबा, खिशातली पण गोळी, बाटलीतली पण गोळी. रंगही तोच. हिनं ओळखायचं कसं?"

आबांची जीभ हळूहळू ताळ्यावर आली, तेव्हा ते म्हणाले, "बेतायचं तर कापड बेतावं. पोरीच्या जिवावर कशाला! ठेव ती बाटली वर, कुलपात. आणि आजपासून ते 'औषध'. गोळी म्हणालो तर माझा चहा बंद."

बाटलीचं झाकण घट्ट लावून तिनं ती कपाटात ठेवली. किल्ली स्वतःच्या गळ्यात. लिंबाच्या गोळ्यांचीही खिशातून उचलबांगडी झाली. एवढ्याशा पोरीच्या घशात त्या अडकायच्या.

संध्याकाळी तिनं औषध आबांच्या तळहातावर ठेवलं. आबांनी कात्री खाली ठेवली, पाण्याचा घोट घेऊन ते अख्खं गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं.

खारूताईनं आत वाकून नीट पाहिलं. "गालात नाही ना ठेवलं?"

"नाही गं बाई," आबा म्हणाले. जीभ अगदी साफ.